रोपवाल्या मावशी

मावशींकडे रोप मागायला गेलेल्या माणसाला पहिल्या खेपेला बहुधा नकारच मिळायचा. कुठं लावणार, ऊन किती वेळ असतं, पाणी कोण घालणार, असं त्या विचारायच्या आणि उत्तर पटलं नाही तर "आधी जागा करा, मग या" म्हणून पाठ फिरवायच्या. मी पहिल्यांदा गेले ती बाल्कनीसाठी टोमॅटोची चार रोपं मागायला. बाल्कनीत ऊन कधी येतं ते मला सांगता आलं नाही. मावशींनी मला हात हलवत परत पाठवलं. मी सदाशिव पेठेत वाढलेली, दुकानातून रिकाम्या हाती परत येण्याची मला लहानपणापासून सवय होती. त्यामुळे राग आला नाही. दोन दिवस उन्हावर नजर ठेवली आणि पुन्हा गेले.

आम्ही तेव्हा नुकतेच पुण्याच्या कडेला, मांजरी गावात राहायला आलो होतो. उसाच्या फडांमधून एकेक इमारत वर येत होती. नदीपलीकडे नवीन निघालेल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत मी ॲडमिनला होते. कँटीन, गाड्या, साफसफाई, बाग, सगळं माझ्याकडे. मावशींची रोपवाटिका आमच्या सोसायटीच्या कुंपणाला लागून होती. नवरा गेल्यावर दिरांबरोबरच्या सामाईक जमिनीच्या एका कोपऱ्यात त्यांनी ती उभी केली होती. बांबूचा सांगाडा आणि त्यावर ताणलेला प्लॅस्टिकचा कागद. त्याला त्या 'कागदाचं घर' म्हणायच्या. सरकारी माहितीपत्रकातल्या पॉलिहाऊसमध्ये असतात तसली यंत्रं तिथे नव्हती.

थंडीत आत ऊब ठेवायला मावशींकडे दिवसाचं ऊन तेवढं होतं. ते त्या फार निगुतीने वापरायच्या. चार वाजले की बाजूचे पडदे खाली सोडायच्या. कडेला पाण्याची पिंपं होती, काळा रंग दिलेली; ती दिवसभर तापायची आणि पहाटेपर्यंत कोमट राहायची. बी पेरलेले ट्रे एकावर एक रचून त्या गोणपाटात गुंडाळायच्या आणि रोज सकाळी गोणपाटाखाली तळहात घालून बघायच्या, तापलेल्या पोराच्या कपाळाला हात लावावा तशा. डिसेंबरात ढोबळी मिरची पंधरा पंधरा दिवस वर येत नाही. एकदा मी उतावळेपणाने माती उकरून बघायला गेले, तर म्हणाल्या, "ताई, तिला उठायचं तवा उठंल. तुमी उकरू नका."

रविवारी सकाळी मी त्यांच्याकडे जायला लागले. बोटाच्या पेराने खळगा करायचा, एका खळग्यात एकच बी टाकायचं, एवढं मला त्यांनी शिकवलं. थंडीच्या दिवसांत पाणी दहाच्या आत घालायचं, संध्याकाळी कधीच नाही, नाहीतर ओल राहून रोपं बुडाशी कुजतात आणि सकाळी आडवी पडलेली दिसतात, हेही शिकवलं. माझ्या ऑफिसच्या गोष्टी त्या मन लावून ऐकायच्या. संगणकावर दिवसभर नेमकं काय करतात हे मी तीनदा समजावलं, तिन्ही वेळा त्यांनी मान डोलावली आणि चौथ्यांदा पुन्हा विचारलं.

त्यांचा एक नियम मात्र कुणासाठी वाकत नसे. कागदाच्या घरातून काढलेलं रोप आठ दिवस बाहेर ठेवल्याशिवाय त्या द्यायच्या नाहीत. आधी जाळीखाली, मग उघड्यावर, पाणी जरा तोडून. याला त्या रोप काटक करणं म्हणत. "आत लाडात वाढल्यालं असतंय. एकदम वाऱ्यात नेलं तर माणसाला बी सोसत न्हाई." लोणी काळभोरचा एक शेतकरी एकदा टेम्पो घेऊन कोबीची रोपं न्यायला आला होता. आठातले तीन दिवस राहिले होते. तो बराच वेळ हुज्जत घालून रिकामा टेम्पो घेऊन गेला आणि चौथ्या दिवशी मुकाट्याने परत आला.

हा नियम मोडायला लावला तो मी.

आमच्या कंपनीची दुसरी इमारत तयार होत होती. समोरच्या ताटव्यांसाठी झेंडू आणि पिटुनिया हवे होते. बागेच्या ठेकेदाराला मी मावशींचं नाव सुचवलं. तो आणखी चार-पाच कंपन्यांच्या बागा बघायचा, त्यामुळे हे काम जमलं तर मावशींना कायमचं गिऱ्हाईक मिळणार होतं. त्यांनी शेजारी दुसऱ्या कागदाच्या घरासाठी बांबूही रोवून घेतले. रोपं सुरेख उतरली. आणि ऐन जानेवारीत निरोप आला की नवी इमारत बघायला येणारे परदेशी पाहुणे दहा दिवस आधीच येणार आहेत.

मी धावत मावशींकडे गेले. रोपं अजून आतच होती. त्या सरळ नाही म्हणाल्या. मी पुन्हा विनवलं. अमेरिकेतली कामं तेव्हा आटली होती, आमच्याकडे दर आठवड्याला एखादी खुर्ची रिकामी व्हायची. ताटवे मोकळे दिसले तर पुढचा नंबर माझा, असं मी त्यांना सांगितलं. त्यात थोडी अतिशयोक्ती होती, पण फार नव्हती. मावशी बराच वेळ एका ट्रेच्या कडेवरून बोट फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "कच्ची हायेत. मी सांगितलं हुतं, एवढं ध्यानात ठेवा. तुमच्यासाठी देते."

पहिल्या दिवशी ताटवे फार छान दिसले. त्या रात्री कडाक्याची थंडी पडली, दुसऱ्या दिवशी मोकळ्या माळावरचा वारा आणि दुपारचं ऊन. तिसऱ्या दिवशी पाहुणे आले तेव्हा झेंडू माना टाकून काळवंडले होते आणि पिटुनिया जमिनीला चिकटला होता.

चौकशी झाली. ठेकेदार म्हणाला, रोपंच रोगट होती, बाई अडाणी आहे. मावशींना ऑफिसात बोलावलं. काचेच्या खोलीत, एसीच्या गारव्यात, नऊवारीचा पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट ओढून त्या खुर्चीच्या टोकावर बसल्या होत्या. साहेबांनी विचारल्यावर म्हणाल्या, "रोगट न्हवती. कच्ची हुती. तसं मी ताईंना बोलले हुते."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मावशींनीही पाहिलं, अगदी निर्धास्तपणे. आता ही सांगेल आणि सगळं मिटेल, अशा नजरेने.

मी म्हणाले, "असं काही स्पष्ट बोलणं झालं नव्हतं, सर."

मावशी उठल्या, साहेबांना नमस्कार केला आणि लिफ्टची वाट न बघता जिन्याने खाली गेल्या.

माझी नोकरी टिकली. ठेकेदाराने मात्र जिथे जाईल तिथे मावशींचं नाव खराब केलं. हळूहळू गावातली गिऱ्हाइकंही कमी झाली. रोवलेल्या बांबूंवर कागद चढलाच नाही. मी रविवारी जाणं बंद केलं. कुंपणापलीकडून त्या दिसायच्या, आणि मी कपडे वाळत घालायचं अर्धं सोडून आत यायचे. दोन वर्षांनी दिरांनी जमीन बिल्डरला द्यायचं ठरवलं. रोपवाटिका चालत असती तर मावशी अडून बसल्या असत्या, असं गावातले लोक म्हणत. त्या अडून बसल्या नाहीत. सही केली आणि मुलाकडे वाघोलीला गेल्या.

मी त्यांच्याकडे जायला नऊ वर्षं लावली. पत्ता मिळायला एक दिवस लागला. बाकीचा वेळ माझा. चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट होता. सुनेने दार उघडलं. मावशी पलंगावर बसून मटार सोलत होत्या. थकल्या होत्या, पण मला लगेच ओळखलं. मी समोर बसले आणि घरून ठरवून आणलेलं सगळं बोलले. त्या दिवशी मी खोटं बोलले, भ्याले, आणि नंतर तोंड दाखवायची लाज वाटली. त्या मटार सोलायच्या थांबल्या होत्या.

"हे तवा बोलला असता तर उपयोग झाला असता, ताई," त्या म्हणाल्या. "आता मी त्याचं काय करू?"

सुनेने चहा आणला. तो प्यायचा की तसाच ठेवायचा, हे मला कळेना. मावशींनी विचारलं, "ती नोकरी हाय का अजून?"

आहे म्हटलं. आता त्या विभागाची मुख्य आहे, हेही तोंडातून निघून गेलं.

"मग बरं झालं," त्या म्हणाल्या, आणि पुढची शेंग हातात घेतली.

मी पुण्याची आहे. टोमणा मला लांबून ओळखता येतो. त्या बोलण्यात टोमणा नव्हता. त्यांना खरोखरच बरं वाटलं होतं.