न चाखलेला गूळ

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे असतील, तर ते हिरामावशीचे. ती माझ्या आईची थोरली बहीण. मनोरच्या शाळेतून बारावी होऊन मी कॉलेजसाठी वसईला आलो, तेव्हा खाडीकाठच्या आपल्या घरात तिने मला ठेवून घेतलं. आमच्या घराण्यात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. मावशी शेतातल्या तांदळाची पिठी करून घरूनच विकायची. बायका ओटीवर येऊन बसायच्या. मावशी आधी तांब्याभर पाणी पुढे करायची आणि मगच पिठी मोजायला घ्यायची. "दारात आला तो देवानं धाडलेला. त्याला आधी पानी विचार, बाकीचं मागून," असं ती मला सांगायची. आणि दुसरं एक तितक्याच ठामपणे सांगायची, "देवासाठी आनलेलं जिभेला लावायचं नाय. उष्टं होतं."

या दोन वाक्यांवर मी माझा संसार आणि धंदा उभा केला. ती दोन्ही एकमेकांसमोर उभी राहतील असं मला कधी वाटलं नव्हतं. यंदाच्या चतुर्थीला तसं झालं आणि तेव्हापासून माझ्या मनाचा गोंधळ उडाला आहे. मला काही उमगलं म्हणून मी हे लिहीत नाही. जे घडलं ते घडलं तसं सांगून टाकावं, एवढ्यासाठीच लिहितो आहे.

मी ज्या कारखान्यात हिशेबनीस होतो तो बंद पडल्यावर सुजाताने, माझ्या बायकोने, वसईच्या एव्हरशाईन सिटीतल्या आमच्या फ्लॅटमधूनच भाजणी, चकली, फराळ विकायला सुरुवात केली. पुढे मीही स्वयंपाकघरात शिरलो. गणपतीत आम्ही उकडीच्या मोदकांच्या ऑर्डरी घेतो. त्या दिवसांत आंघोळ केल्याशिवाय मी ओट्याला हात लावत नाही. आलेल्या माणसाला बसवतो, पाणी देतो, कुणी टाकून बोललं तरी हात जोडतो. सुजाता हसते. "अहो, दुकान आहे हे. तुम्ही तर गाभारा करून टाकलात!" पण लोकांना ते आवडत असावं. एकदा आलेले पुन्हा येत.

यंदा दामलेवहिनींची ऑर्डर होती. त्या आमच्या शेजारच्या इमारतीत राहतात. लग्न होऊन आल्यापासून बाप्पाचे मोदक त्यांनी स्वतःच्या हाताने केले होते, पण यंदा मनगट मोडलं आणि उजवा हात प्लास्टरमध्ये गेला. ऑर्डर देताना त्या म्हणाल्या, "बाहेरचा नैवेद्य आमच्या घरात पहिल्यांदाच येतोय हो," आणि त्यांनी तोंड फिरवलं. त्या वाक्याचं मला ओझं झालं. या बाईच्या देवाला आपल्याकडून काही उणं पडू नये, एवढंच मी रोज दिवा लावताना मागत होतो. म्हणून मुद्दाम नव्या दुकानातून गूळ आणला, सोन्यासारखा पिवळाधमक. दुकानदाराने खडा पुढे केला, "चाखून बघा साहेब." मी हात मागे घेतला. देवाच्या नावाने घ्यायचा गूळ, तो दुकानातच उष्टा कसा करायचा?

चतुर्थीच्या सकाळी पहिले मोदक उकडून खाली उतरले तोच बेल वाजली. दारात एक म्हातारे गृहस्थ उभे होते. धुतलेला पांढरा सदरा, पायात चपला नाहीत. मी त्यांना कधीही पाहिलेलं नव्हतं. ते सरळ आत आले, खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "झाले का मोदक?"

मी पाणी दिलं. विचारलं, "आजोबा, कुणाकडे आलात?"

"मोदकाकडे आलो. द्या एक."

"नैवेद्याचे आहेत. अजून देवाला दाखवले नाहीत. दुपारी या, पोटभर देतो."

"भूक मला लागलीय. त्याला लागलीय का? विचारून या!"

सुजाताने तोंडावर पदर घेतला. तिला हसू आवरत नव्हतं. मला मात्र घाम फुटला. दारात आलेला देवाने धाडलेला, हे मावशीचं. देवाचं उष्टं करू नये, हेही मावशीचंच. मी ओट्यापाशी जाऊन उभा राहिलो आणि खरं सांगतो, मला काहीही सुचेना. मनात म्हटलं, देवा, मला ठरवता येत नाही, तूच काय ते बघ. आणि हातून आपोआप एक मोदक उचलला गेला. वर तूप सोडून मी तो बशीत घालून त्यांच्यापुढे ठेवला.

त्यांनी एक घास घेतला आणि त्यांचा चेहरा आक्रसला. "अहो, हे मोदक आहेत की मिठागर?"

मला वाटलं, चेष्टा करताहेत. सुजाताने मात्र पटकन उरलेल्या गुळाचा खडा तोंडात टाकला आणि दुसरा माझ्या हातावर ठेवला. गूळ खारट होता. खारवट जमिनीतल्या उसाचा गूळ कधी कधी तसा निघतो, हे मी ऐकून होतो. इतक्या सुंदर रंगाचा गूळ तसा असेल हे ध्यानीमनी नव्हतं. केलेलं सगळं सारण तसंच झालं होतं.

आम्ही दोघं त्या सारणाकडे बघत असताना आजोबा कधी उठून गेले ते कळलं नाही. बशीत उरलेला मोदक होता, पाण्याचा पेला रिकामा होता.

मी सगळ्या गिऱ्हाइकांना फोन केले. जे झालं ते सांगितलं. एकांनी ऑर्डर रद्द केली, बाकीच्यांनी उशीर चालेल म्हटलं. दामलेवहिनींना फोन करायला धीर होईना, म्हणून तो शेवटी केला. त्या म्हणाल्या, "आमच्या बाप्पाचं ब्लडप्रेशर वाढवायला निघाला होतात का? अहो, गूळ दुकानातच चाखायचा असतो! थांबा, मीच येते."

त्या आल्या त्या डाव्या हातात गुळाची ढेप घेऊनच. आम्ही नारळ पुन्हा खवले. सारण शिजताना त्यांनी चमच्याने थोडं काढलं, फुंकर मारली आणि माझ्यादेखत जिभेवर ठेवलं. मी त्यांच्याकडे बघत राहिलो. त्या म्हणाल्या, "असे बघताय काय? माझ्या घरचा देव आहे, मला ओळखतो तो." मग खुर्ची ओढून बसल्या. "पारी जाड होतेय", "कळ्या जवळ घ्या" असं बोलत राहिल्या आणि शेवटी न राहवून त्यांनी डाव्या हाताने दोन वाकडेतिकडे मोदक वळले. डबा घेऊन निघताना म्हणाल्या, "म्हणजे यंदाही मीच केले म्हणायचे." या वेळी त्यांनी तोंड फिरवलं नाही.

नंतर मी त्या आजोबांना पुष्कळ शोधलं. वॉचमन म्हणाला, सणाचा दिवस, कोण आलं कोण गेलं कसं सांगू? एका घरात गावाहून कुणाचे तरी वडील आले होते आणि परत गेले, असंही कानावर आलं. ते हेच का, हे कुणालाच सांगता आलं नाही. आमच्या इथल्या इमारती एकसारख्या आहेत, कुणीही चुकून कुणाच्याही दारात येतं. मला एवढंच कळतं की ते आले नसते तर माझ्या पावित्र्याने माझ्याच देवापुढे खारट मोदक ठेवला असता. आणि मला ठरवता आलं नाही, त्याच क्षणी मला वाचवलं गेलं. त्याबद्दल हात जोडण्यापलीकडे माझ्याजवळ काही नाही.

मावशीला फोनवर नीट ऐकू येत नाही. म्हणून मी तिला पत्र लिहिलं. तिची सून ते तिला वाचून दाखवते.

ती. हिरामावशीस सा. न.

चतुर्थीला काय झालं ते सुजाताने तुझ्या सुनेला सांगितलंच आहे. तू चिडलीस असं कळलं. माझ्यावर चिडलीस की गूळवाल्यावर, ते कळलं नाही.

मावशी, तुझी एक गोष्ट पाळायला गेलो तर दुसरी मोडत होती. मी कुठली पाळली आणि कुठली मोडली, हे मला अजून सांगता येत नाही. कॉलेजात शिकलो, पण याचं उत्तर तुझ्याकडेच असेल असं वाटतं. नसलं तरी चालेल. मी आता उत्तर मिळेपर्यंत हात आखडून बसणार नाही. गिऱ्हाइकाला आधी पाणी देईन आणि गूळ चाखून घेईन. चुकत असेन तर देव कुणाला तरी पुन्हा दारात धाडेल.

पत्राबरोबर डबा पाठवतो आहे. यातले मोदक चांगले झालेत, मी स्वतः सारण चाखलं आहे. त्यामुळे ते देवापुढे ठेवायचे की नाही, हे तू ठरव. ठेवलेस तर मला कळव. नाही ठेवलेस, तर गरम करून तूप घालून खा, आणि तेही कळव.

तुझाच