शंभर वेळा उघडझाप

आमच्या नांदेडात लॅपटॉप बिघडला की आम्ही धम्मदीपकडे जातो. मूळचा हिमायतनगरचा, लातूरला एका क्लासचे कंप्युटर सांभाळता सांभाळता हे काम शिकला. त्याची एक खोड आहे. झाकण दुरुस्त केलं की गिऱ्हाइकासमोर ते शंभर वेळा उघडतो-मिटतो, मोजून. त्याशिवाय मशीन हातात देत नाही. घाईतली माणसं चिडतात, तो मोजतच राहतो.

परवा चार वाजता माझ्या लेकीची, समीक्षाची, पहिलीवहिली नोकरीची मुलाखत होती. ऑनलाइन. कंपनी पुण्याची, प्लास्टिकचे सुटे भाग बनवणारी. आणि नेमकी सकाळीच आठ महिन्यांच्या लॅपटॉपची बिजागरी कडकन निखळली.

धम्मदीपनं खालचं कव्हर उघडलं आणि तुटका तुकडा टेबलावर ठेवला. "ताई, हे बघा. एवढूसा पितळी नट, पापडावानी प्लास्टिकमधी बसवलाय. झाकणाचा समदा जोर ह्याच्यावर. जुन्या मशीनला इथं धातूची पट्टी राहायची. आता सगळ्यांला लई पातळ, लई हलकं पाहिजे!"

"माझंच काही चुकलं का?" समीक्षानं विचारलं.

"तू काय केलं? उघडलं फक्त."

त्यानं तुकडा नटासकट पुन्हा चिकटवला, वाळू दिला आणि मोजायला बसला. साडेतीन वाजले होते. एकसष्टला पुन्हा कट्! तुकडा परत टेबलावर.

"साठावर थांबला असतास तर?" मी कळवळून म्हणाले.

"मंग घरी तुटलं असतं, ताई. ऐन मुलाखतीत."

त्यानं झाकण उघडंच ठेवलं, मागून जुन्या लॅपटॉपांच्या थप्पीचा टेकू दिला आणि समीक्षाला आपल्या खुर्चीत बसवलं. स्वतः शटर अर्धं ओढून बाहेर उभा. येईल त्याला सांगत होता, "हळू बोला, पोरगी मुलाखत देऊन राहिली."

मुलाखत घेणाऱ्या बाईंनी विचारलं, "प्लास्टिकचा भाग का तुटतो? एखादं उदाहरण?"

समीक्षानं टेबलावरचा तुकडाच कॅमेऱ्यासमोर धरला. जाडी किती, जोर कुठं येतो, सगळं सांगितलं. वर म्हणाली, "हे मला आजच कळलं. इथले धम्मदीपदादा सांगत होते." बाई हसल्या आणि पुढच्या फेरीला पुण्याला यायला सांगितलं.

शटर वर गेलं. मी म्हटलं, "आता ही तिथं पक्क्या बिजागऱ्या बनवेल. तुझ्या धंद्याचं कसं रे?"

"बनवू द्या की," धम्मदीप म्हणाला. "लोकं लॅपटॉपवर चहा सांडायचं थोडंच सोडणार हायेत!"