पलंगाच्या पट्टीचा दांडा

कारखान्यात तिला सगळे ओळंबाबाई म्हणत; तिची नजर गवंड्याच्या ओळंब्यासारखी अचूक. इलेक्ट्रिक गिटारच्या दांड्यांसाठी लाकूड निवडायचं तिचं काम. फळी उचलायची, एक डोळा मिटून कडेवरून नजर टाकायची, लाकडातल्या रेषा टोकापर्यंत सरळ जातात का बघायचं. देखण्या, नागमोडी रेषांच्या फळ्या ती हटकून बाजूला काढी. "रूप काय चाटायचंय? तारांनी ओढलं की वाकली!"

आई गेल्यावर महिन्याभरानं धाकटा भाऊ तिच्या घरी आला. हॉटेलांत गिटार वाजवून पोट भरणारा माणूस. खांद्यावर आईच्या पलंगाची लांब पट्टी होती. अंथरुणाला खिळलेली आई कूस बदलताना तीच पट्टी धरायची.

"ताई, माझ्या गिटारला याचा दांडा कर."

तिनं पट्टी फिरवून पाहिली. रेषा तिरक्या, मधे गाठ. "नाही रे, टिकायचं नाही हे."

"आईचं सगळं मी केलं. तू पाहुण्यासारखी येऊन जायचीस. आता एवढ्यालाही नाहीच म्हण."

वर्मी लागलं.

तिनं दांडा केला. गाठ चुकवली, वाकलाच तर आवळून सरळ करता यावा म्हणून आत पोलादी सळई घातली. तरी पंधरवड्यात तो पिळला, तारा खरखरू लागल्या. मग भाऊ दर रविवारी यायचा. ती सळई आवळायची, तो वाजवून बघायचा, चहा व्हायचा, आईच्या गोष्टी निघायच्या. इतकं तर ती दोघं लहानपणीही बोलली नव्हती.

एका कार्यक्रमात दांडा तिरक्या रेषेवरच चिरला. भावानं तो फडक्यात गुंडाळून आणला.

"चिकटवू?" तिनं विचारलं.

"परत तुटेल ना?"

"तुटेल."

त्यानं दांडा पुन्हा फडक्यात गुंडाळला. "आई रोज तुझं विचारायची. मी सांगायचो, ताईला काम आहे. तर म्हणायची, असू दे, तिचं काम नजरेचं आहे, घाई नको करायला."

ती तोंडाला पदर लावून रडली. भावानं पाणी आणून दिलं.

मग तिनं कारखान्यातली उत्तमातली उत्तम फळी निवडून नवा दांडा केला. तो केसभरही हलला नाही. आवळायला काही उरलं नाही, तसं भावाचं येणंही विरळ होत गेलं. रविवारी तीच फोन करायची.

"गिटार कशी आहे रे?"

"एकदम झकास, ताई. काही बघायलाच लागत नाही."

"बरं," ती म्हणायची, आणि पुढं काय बोलावं ते तिला सुचायचं नाही.