बागेच्या घरात आम्ही दोघी

गोंदियात मुलींच्या शाळेत मला नोकरी लागली, तेव्हा आई माझ्यासोबत शहरात आली. वडिलांनी दुसरं लग्न केल्यापासून गोरेगावजवळच्या आमच्या गावी ती त्याच घरात, पण वेगळ्या चुलीवर राहत होती. एका पेटीत तिचा सगळा संसार मावला.

घर मात्र मिळेना. खोली दाखवायच्या आधीच मालक विचारत, "घरात पुरुष कोण?" कोणी नाही म्हटलं की खोली कालच दिलेली असे.

शेवटी एका शेठजींचं घर कळलं. कौलारू छप्पर, पुढे ओसरी, तीन खोल्या आणि मागे विहिरीसकट बाग. आंबा, पेरू, मोगरा, सगळं पाण्यावाचून मलूल पडलेलं. शेठजी म्हणाले, "मास्टरनीजी, कागज पर पिताजी का दस्तखत लगेगा."

"नोकरी मेरी है, दस्तखत भी मेरा होगा," मी म्हणाले.

"तो चाचा, मामा, कोई तो होगा?"

"हैं. लेकिन यहाँ वो नहीं रहेंगे."

ते उठायच्याच बेतात होते. दारामागून शेठाणी बोलल्या, "घर साल भर से बंद पड़ा है. बगीचा सूख गया." शेठजींनी नाखुशीनं मान हलवली. सही माझीच झाली.

आईनं दुसऱ्याच दिवशी बाग हाती घेतली. झाडांना आळी केली, मोगरा छाटला, कुंपणावर वाल चढवला. गावी तिनं आयुष्यभर दुसऱ्याच्या बांधीत, चिखलात वाकून, भाताची रोवणी केली होती. इथं काय लावायचं ते ती ठरवत होती. संध्याकाळी आम्ही आंब्याखाली खाट टाकून बसायचो. शेजारच्या बायका कुंपणाआडून बघत आणि आपसात काही बोलत. आम्ही खाट आत नेली नाही.

उन्हाळा लागला आणि एका सकाळी वडील दारात उभे राहिले. शेठजींनीच बाजारातल्या ओळखीच्या माणसाकरवी त्यांना निरोप पाठवला होता. वडील ओसरीवर बसले, पागोटं काढून शेजारी ठेवलं आणि घर निरखू लागले.

"लोकं काय म्हणून राहिले, मालूम हाय?" ते आईला म्हणाले. "दोन बाया एकट्या राहतेत म्हणते. घराचा कागद माह्या नावानं करून घेतो. महिन्या-दोन महिन्यानं येत जाईन."

आई वाफ्यात पाणी सोडत होती. तिनं फावडं टाकलं नाही. "कायले?" तिनं विचारलं.

"कायले म्हणजे? मी नवरा हावो तुहा."

"त्याच्यासाठी घर कायले पायजे? जेवाले थांबा. वांग्याची भाजी हाय. जेवून दुपारच्या मोटारीनं जा."

वडील माझ्याकडे वळले. "तू शिकली हायेस. समजाव इले."

"मला तिचंच पटतं," मी म्हणाले.

वडील जेवले. भाजी दुसऱ्यांदा मागून घेतली. मग पागोटं चढवून निघून गेले.

संध्याकाळी शेठजी आले. "पिताजी को लौटा दिया? फिर मकान खाली करो." मी म्हटलं, भाडं वेळेवर देते, घर नीट ठेवते, मी जाणार नाही. दुसऱ्या दिवशी त्यांच्या गड्यानं विहिरीवरची गरारी, दोर ओढायची कप्पी, दोरासकट काढून नेली. ऐन उन्हाळ्यात.

आईनं बाजारातून नवा दोर आणला. गरारीवाचून, विहिरीच्या काठाला पाय टेकवून, ती हातानं बादली ओढू लागली. शाळेतून आले की मीही ओढायची. तळहात सोलवटले, मग घट्टे पडले. आपण एक झाडही मरू द्यायचं नाही, असं आई म्हणाली. का, ते मी विचारलं नाही. मलाही तेच हवं होतं.

आंब्याला पाड लागला तेव्हा शेठाणी आंबे बघायला आल्या. आई पाणी ओढत होती. त्यांनी जवळ जाऊन तिचा हात उलटा करून पाहिला, बराच वेळ. "पेड़ तो हमारे ही हैं," एवढंच म्हणाल्या. दुपारी गडी गरारी परत बसवून गेला. शेठजींनी पुढच्या महिन्याचं भाडं माझ्या हातून घेतलं, भिंतीकडे बघत.

त्या घरात आम्ही कितीतरी वर्षं राहिलो. आई बागेत उघड्या डोक्यानं फिरायची. एकदा शेजारणीनं कुंपणावरून सुचवलं, रस्त्यावरून माणसं जातात, डोक्यावर पदर घेत जा.

"पदर वालाच्या येलात गुतते," आई म्हणाली आणि शेंगा तोडत राहिली.