टाइलच्या मागचा चुना

"मॅडम, तुमची एक टाइल निसटली. जरा दमदार ॲडेसिव्ह सांगा, मिस्त्री उद्या चिकटवून टाकंल," तात्या फोनवर म्हणाले.

"तुमची" हा शब्द मला झोंबला, कारण टाइल खरंच माझी होती. येरमाळ्यात हायवेलगत तात्यांचं वडिलांच्या काळातलं दुमजली लॉज आहे. त्यांना पुढच्या भिंतीला एसीपी हवं होतं. म्हणजे मधे प्लॅस्टिकचा थर, दोन्हीकडून ॲल्युमिनियमचा पत्रा. शोरूमला असतो तो. मी आर्किटेक्ट, मी नाक मुरडलं आणि दगडासारखी दिसणारी टाइल सुचवली. कॅटलॉग दाखवला, मापं काढली आणि धाराशिवला निघून आले.

जाऊन बघते तर टाइल वरच्या मजल्यावरून थेट बाकड्यावर पडलेली. फळी दुभंगली होती. नशीब, कुणी बसलं नव्हतं. पण दहा दिवसांवर येडाई देवीची यात्रा. भिंत पश्चिमेची, त्यामुळं सकाळी तिची सावली रस्त्यापर्यंत येते. तात्या तिथं पाणपोई लावतात आणि बायाबापड्या लेकरं घेऊन भिंतीला टेकून बसतात.

"एकच तर पडली," तात्या म्हणाले.

"पण का पडली?"

मी शिडीवर चढून किल्लीनं टाइला वाजवायला लागले. नीट बसलेली टाइल ठणठणीत वाजते, मागं पोकळ असेल तर ढबढब. निम्म्याहून जास्त ढबढब! मी खाली येऊन मिस्त्रीवरच घसरले.

"करीमभाई, माल कमी टाकला ना?"

"तौबा, मॅडम! मागची बाजू तर बघा."

बघितलं. ॲडेसिव्ह काठोकाठ लावलेलं, टाइलला घट्ट. गंमत म्हणजे त्या ॲडेसिव्हवर पांढरं काहीतरी चिकटून आलं होतं. नखानं खरवडलं तर भाकरीचा पापुद्रा सुटावा तसा थर निघाला. त्याखाली दुसरा, जरा निळसर. त्याखाली तिसरा. मला आता राग सोडून भलतीच उत्सुकता लागली. मी चाकू मागून घेतला आणि रस्त्याकडेला उकिडवी बसून थर मोजत राहिले. बाराच्या पुढं मोजणं सोडलं.

"हे काय आहे, तात्या?"

"चुना. यात्रेआधी दरसाल एक हात मारतो. कधी नीळ जास्त पडती. वडिलांपासनं चालत आलंय."

करीमभाई हळूच म्हणाले, "म्या छन्नी घेऊनच आलतो. तात्यांनी हात लावू दिला न्हाय."

"कसा देऊ?" तात्या उसळले. "यात्रेत माणसं चुन्याच्या रानात देवीसाठी चुनखडीचे खडे वेचत्यात. चुना म्हंजी देवीचा. त्याला छन्नी लावायची?"

आता उलगडलं. टाइल लावण्याआधी जुना रंग खरवडून, छन्नीनं टाचे मारून गिलावा खरबरीत करायचा असतो, तेव्हा ती धरते. आमची टाइल गिलाव्याला चिकटलीच नव्हती. ती चुन्याच्या पापुद्र्यांना लटकली होती आणि दुपारच्या उन्हानं ते सुटत होते.

"मग मला सांगितलं का नाही?"

"तुमी इचारलंच न्हाय," तात्या म्हणाले. वर्मावरच बोट ठेवलं म्हाताऱ्यानं.

"सगळ्या टाइला उतरवा," मी म्हणाले.

"सगळ्या? यात्रेच्या तोंडावर? लई हौसेनं लावल्यात मॅडम, साऱ्या गावाला दाखवल्यात म्या!"

"बरं. मग तुम्ही इथं भिंतीला टेकून बसा. मी वर जाऊन किल्ली वाजवते."

तात्या हट्टानं बसले. मी शिडी चढले, किल्ली उचलली. वाजवायच्या आतच ते उठून रस्त्यापलीकडं गेले.

"उतरवा," तिथूनच ओरडले.

करीमभाईंना बहुतेक टाइलांसाठी छन्नी लागलीच नाही. नुसत्या हातानं निघाल्या. माझी मान खाली.

तेव्हापासून मी कॅटलॉग पिशवीतच ठेवते. आधी भिंतीला आजवर काय काय लावलं ते विचारते, अगदी पोलिसासारखी.

यात्रेच्या सकाळी मुद्दाम गेले. भिंतीला ताजा चुना आणि खाली माणसांची दाटी. एक बाई पोराला मांडीवर निजवून टेकली होती. ती उठली तर तिची सगळी पाठ पांढरी.

"तात्या, बघा, लुगडं खराब झालं," मी म्हणाले.

"झटकलं की जातंय," तात्या पाण्याचा तांब्या भरत म्हणाले. "तुमची टाइल झटकता येत न्हवती."