मामाचा खांदा

मी फौजेत गेलो आणि फौजेनं मला ओझी उचलायच्या कामाला लावलं, हे कळल्यावर मामा पोट धरून हसला. "पोट्टा बंदूक चालवाले गेलता अन् हमाल होऊन आला," असं तो पुसदच्या बाजारात भेटेल त्याला सांगायचा. आमचे वाडवडील बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरलेले. ते दिवस गेले, तांडा एका जागी बसला, कापूस-ज्वारी पिकवू लागला, तरी ओझं उचलण्यात आमच्या माणसांचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्यात मामा पहिला. लाकडं असोत, गिरणीचं जातं असो की कापसाचे गठ्ठे, अवघड माल चढवायचा तर मामाची टोळी बोलवायची, असा पुसदच्या बाजूला रिवाजच होता.

मला मात्र त्याच्या हसण्याचा राग यायचा. मी हमाल नव्हतो. मी मशीन चालवायचो.

बासष्टच्या लढाईनंतर आमच्या युनिटात एक नवी फोर्कलिफ्ट आली होती. गोदामाच्या फरशीवर फिरतात तसली नव्हे. हिची चाकं माणसाच्या छातीएवढी, पुढे दोन लोखंडी सुळे, आणि ढेकळांतून, नाल्यातून, कुठूनही टनांनी माल घेऊन चालायची. ती चालवायला आम्हा दोघा-तिघांनाच शिकवलं होतं. शिकवणारा उस्ताद पंजाबी होता. पहिल्या दिवसापासून त्यानं एक गोष्ट आमच्या कानीकपाळी ओरडून सांगितली, "माल गिरता है तो गिरने दो. आदमी को हटाओ." भार कलला की सुळे लगेच खाली सोडायचे आणि जवळच्या माणसांना लांब पळवायचं. भार नेताना तो जमिनीपासून वीतभरच वर ठेवायचा. उतारावर मशीन कधी आडवी घालायची नाही. हे सगळं मला तोंडपाठ होतं. परीक्षेत मी पहिला आलो होतो, हेही इथेच सांगून टाकतो, कारण पुढे जे झालं ते अज्ञानानं झालं असं कुणाला वाटायला नको.

आमच्या तांड्यातली रीत नेमकी याच्या उलटी. चढ-उतारावर बैलाच्या पाठीवरची गोण एका बाजूला कलली की बैलवाला हाक मारायचा, "खांदो!" म्हणजे खांदा द्या. ती हाक ऐकली की जो सर्वांत जवळ असेल त्यानं मागचा-पुढचा विचार न करता धावायचं आणि कललेल्या बाजूखाली खांदा लावायचा. दोर आवळेपर्यंत हलायचं नाही. हाक आल्यावर जो गेला नाही त्याच्याशी पुन्हा कुणी ओझं उचलत नसे. आणि हाक नसताना जो मध्ये घुसला तो येडा, कारण तो सगळ्यांचाच तोल घालवतो. बैल गेले, बैलगाड्या आल्या, तरी ही रीत राहिली. चालायला लागल्यापासून ती आमच्या अंगात भिनलेली असते.

दोन वर्षांनी आमची एक तुकडी मुकुटबनकडच्या जंगलात आली. पुलांसाठी फौजेला सागाचे लांब ओंडके हवे होते, आणि ते डेपोतून ट्रकपर्यंत आणायला मशीन घेऊन मला पाठवलं. आपल्याच जिल्ह्यात, फौजी कपड्यात, असल्या मशीनवर बसून! माझा आनंद गगनात मावेना. थप्पीतून ओंडके सोडवायला आणि साखळी बांधायला माणसं लागणार होती. मी हवालदाराला म्हटलं, माझ्या मामाच्या टोळीसारखी टोळी तुम्हाला मिळायची नाही. पत्र मीच लिहिलं. मामाला त्या जंगलात मीच बोलावलं.

मामा चार माणसं घेऊन आला. मशीनभोवती दोनदा फिरला, चाकावर थाप मारली आणि म्हणाला, "बैल चांगला हाय. पण याले खांदा द्याची वेळ आली तं कोन देईन?" आम्ही आपसांत गोरबोलीत, म्हणजे आमच्या बंजारा बोलीतच बोलायचो, इथे वऱ्हाडीत लिहितो आहे. मी म्हटलं, "याले खांदा लागतच नाई, मामा. तुम्ही फकस्त पाहा."

पाहा म्हणालो ना, मग दाखवायलाच हवं होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी साखळीनं बांधलेले तीन ओंडके उचलून मी निघालो. मामाची चार माणसं मागे थप्पीपाशी होती. उताराच्या पायथ्याशी हवालदार इशारे द्यायला उभा होता, आणि मामा वाटेतल्या फांद्या बाजूला करत मशीनच्या डावीकडून चालत होता. मी ओंडके वीतभर वर न ठेवता छातीएवढे उचलले, थप्पीपाशी उभ्या असलेल्या मंडळींना दिसावेत म्हणून. आणि लांबचा वळसा नको म्हणून मशीन उतारावर आडवी घातली. हवालदारानं दोन्ही हात हलवून थांबायला सांगितलं. मी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

कुठल्या तरी जुन्या सागाचं खोड उपटून काढलेला खड्डा होता. वरून पालापाचोळ्यानं बुजलेला. डावं चाक त्यात गेलं, मशीन कलली, साखळी करकरली आणि खालचा ओंडका सरकू लागला. उस्तादानं शिकवलेलं सगळं त्या क्षणी डोक्यातून पुसून गेलं. माझ्या तोंडून निघालं ते माझ्या बापजाद्यांचं.

"खांदो!"

मामा धावला. एवढ्या मोठ्या लोखंडाला आपण कुठे पुरणार, असा विचार त्यानं केला नाही. करायचाच नसतो. तो वाकला, सरकत्या ओंडक्याच्या टोकाखाली त्यानं खांदा लावला आणि माझ्याकडे पाहिलं. दोर आवळ, असं म्हणाल्यासारखं. आवळायला दोर होता कुठे? सुळे खाली सोडले असते तर मशीन सावरली असती, पण आता खाली मामा होता. माझा हात लिव्हरवर तसाच राहिला. मग साखळी तुटली.

उजवा पाय गेला. ट्रकमध्ये घालून यवतमाळच्या दवाखान्यात नेलं, तिथे डॉक्टरांनी तो गुडघ्याच्या वर कापला. सबंध वाटेवर मामा शुद्धीत होता.

चार दिवसांनी डेपोतच तंबूत टेबल मांडून चौकशी झाली. हवालदारानं जे पाहिलं ते सांगितलं. मी इशारा मानला नाही हेही सांगितलं. मग म्हणाला, "इसने कुछ आवाज दी थी साहब. इनकी बोली में." साहेबांनी मला विचारलं, काय ओरडलास? थप्पीपाशी असलेल्या चौघांना इंजिनच्या आवाजात काही ऐकू गेलं नव्हतं, त्यांना विचारून आधीच बाहेर पाठवलं होतं. त्या तंबूत गोरबोली कळणारा मी एकटाच होतो.

मी म्हणालो, "लांब व्हा म्हणालो, साहेब."

किती सहज निघालं ते तोंडातून! मला आजही माझी जीभ झडावीशी वाटते. साहेबांनी दवाखान्यात जाऊन मामालाही विचारलं. मी खाटेच्या पायथ्याशी उभा होतो. मामानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाला, "मीच गेलतो, सायेब. पोट्ट्यानं नको म्हनलं होतं. माहीच अक्कल गहाण पडली होती." मला इशारा न मानल्याबद्दल थोडी शिक्षा झाली. नोकरी वाचली.

मला वाटलं, पाय गेला ते मामाचं नुकसान, आणि ते तर झालंच. खरं नुकसान तांड्यात गेल्यावर कळलं. चौघांनी घरी येऊन साहेबांनी काय लिहिलं ते सांगितलं होतं: हाक नसताना मामा मशीनखाली घुसला. झालं. ज्याला विचारल्याशिवाय कुणी जातं हलवत नव्हतं, त्याला लोक "मशीनले खांदा देनारा" म्हणू लागले. आधी पाठीमागे, मग तोंडावर. टोळी दुसऱ्यानं चालवायला घेतली. कुठला माल कसा चढवावा हे विचारायलाही कुणी त्याच्याकडे येईना. मामा अंगणात बाजेवर बसून दोर वळायचा आणि कुणी थट्टा केली तर स्वतःही हसायचा.

पुढच्या सुट्टीत मी त्याच्यासाठी फौजी बूट घेऊन गेलो. चांगले, मजबूत, टाचेला लोखंडी नाल ठोकलेले. पुसदच्या स्टँडवर उतरून पिशवी खांद्याला लावली तेव्हा माझ्या ध्यानात आलं की मी जोडी आणली आहे. परत फिरावंसं वाटलं. मामानं बूट हातात घेतले, उलटसुलट करून पाहिले आणि मोठ्यानं हसला. "डावा मले, उजवा तुले. मामा-भाच्याची वाटणी झाली."

त्या संध्याकाळी मामी पाण्याला गेली असताना तो म्हणाला, "एक काम कर भाच्या. फौजेत कायी सांगू नको. तुही नोकरी जाईन, मले थे नाही पायजे. फकस्त आपल्या तांड्याच्या नायकासमोर अन् चार लोकांत एवढं सांग, का हाक आली होती. पायाचं मले कायी वाटत नाई. पन हाक नसतानी घुसलो म्हनतात, थे मले सोसत नाई."

मी हो म्हणालो. उद्या सांगतो म्हणालो. दुसऱ्या दिवशी नायकाच्या अंगणात मला मानानं बसवलं, चहा दिला, लढाईच्या गोष्टी विचारल्या. माझ्या सोयरिकीची बोलणीही निघाली होती. मी गोष्टी सांगत राहिलो. सरहद्दीवरची थंडी सांगितली, बर्फ सांगितलं, सांगायचं तेवढंच राहिलं. निघताना मामाच्या पाया पडलो तेव्हा तो "पुढच्या खेपेले" एवढंच म्हणाला, आणि तेही माझीच समजूत काढल्यासारखं. पुढच्या खेपेला लग्न होतं. त्याच्या पुढच्या खेपेला युनिटानं सुट्टीच दिली नाही, आणि खरं सांगायचं तर मी मागितलीही नाही.

मग कावीळ होऊन मामा गेला. तार पोहोचून मी तांड्यात आलो तोवर तिसरा दिवस उजाडला होता. नायकाच्या अंगणात सगळा तांडा बसला होता. मी उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. ओंडके छातीएवढे उचलले ते, हवालदाराचा इशारा, खड्डा, हाक, तंबूतलं खोटं. हाक मी मारली होती, म्हणून मामा आला, असं तीनदा सांगितलं. बोलता बोलता हुंदका फुटला.

बायकांनी डोळ्यांना पदर लावले. म्हातारा नायक उठला आणि त्यानं मला छातीशी धरलं. "भाचा असावा तं असा," तो सगळ्यांना म्हणाला. "मेलेल्या मामाचं नाव राहावं म्हनून सारा दोष आपल्या अंगावर घेऊन राह्यला."

मी ओरडलो, नाही, हे खरं आहे. मी जितका ओरडलो तितके लोक माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

मामी दारात उभी होती. मी तिच्याकडे गेलो. ती म्हणाली, "मले माहीत हाय. त्यायनं मले दवाखान्यातच सांगतलं होतं."

"मंग मामी, एवढे वर्स तू काहून नाई बोलली?"

"मी बोलत होती," मामी म्हणाली. "थेच मले थांबवत. म्हनत, ज्यानं हाक मारली त्यानंच सांगावं. थो येईन अन् सांगीन."

तिनं आत जाऊन मला पाणी आणून दिलं. मी ते प्यायलो. तांड्यात आजही माझं कौतुक होतं, मामासाठी भाच्यानं काय केलं म्हणून.