प्लॅटिनमवरचा काळा थर

बॅटरीच्या ॲसिडचा वास आला, की बुटीबोरीतली ती प्रयोगशाळा आठवते. माझ्या भंगाराच्या दुकानातला प्लॅटिनमचा काळा पत्रा तिथल्या मॅडमनी पसंत केला होता. जास्त भाव यावा म्हणून मी तो घासून आरशासारखा करून नेला. “काहून घासला हो भाऊ?” मॅडम म्हणाल्या. “काळा थरच तर कामाचा होता! त्याच्यावर वायू भराभर सुटते.” “भाव पाडून राहिल्या तुम्ही!” मी भडकलो. मॅडमनी त्यांचा एक काळा पत्रा आणि माझा पत्रा पातळ ॲसिडमध्ये सोडून दोन्हींना सारख्याच दाबाची वीज जोडली. काळ्यावरून बारीक बुडबुड्यांचं धुकं संथपणे वर चढत राहिलं. माझ्या पत्र्यावर चारच बुडबुडे चिकटले. पाहता पाहता मी भांडण विसरलो. सौदा मोडला. त्यांनी आधी सांगितलं नाही, हा राग अजून आहे. पण दुकानात कुणी काळी वस्तू घासायला घेतली, की माझाच हात आडवा जातो.